मे महिना कुणाचा?

रविवारच्या बैठकीत कोष्टक मी वाचून दाखवलं होतं, म्हणून पुढे जे झालं ते सांगतानाही सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी.

आमच्याकडे मुलांच्या शिक्षणाचा निर्णय एकट्यादुकट्याने होत नाही. बैठक भरते. थोरले लिओनार्डकाका अध्यक्ष असतात, सुरुवातीला प्रार्थना होते, इतिवृत्ताची वही उघडली जाते आणि शेवटी प्रत्येक जण सही करतो. या वेळी विषय एकच होता. माझी धाकटी बहीण प्रॉसी हिला अन्नप्रक्रियेच्या पदवीसाठी कंपालातल्या दोन विद्यापीठांनी जागा देऊ केली होती. एक सरकारी, जिथे मी शिकले. दुसरं टेकडीवरचं खासगी. परवडेल कुठलं?

मी मसाकात दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. दुधातलं पाणी आणि स्निग्धांश मोजते. त्यामुळे काकांनी दोन्ही विद्यापीठांची फीची पत्रकं आठवडाभर आधी माझ्याकडे पाठवली होती. "तू बघ," ते फोनवर म्हणाले होते. "आम्हाला ते फादरच्या लॅटिनसारखं वाटतं. शेवटी आमेन म्हणायचं एवढं कळतं."

दोन्ही पत्रकं वेगळ्या पद्धतीने लिहिलेली होती. सरकारीत शिकवणी फी सेमिस्टरला साडेबारा लाख शिलिंग, आणि ग्रंथालय, परीक्षा, ओळखपत्र, दवाखाना असं सगळं मिळून वर्षातून एकदा, ऑगस्टात, साडेचार लाख. टेकडीवर शिकवणी फी नऊ लाख ऐंशी हजार आणि बाकीचं एक लाख सत्तर हजार, दोन्ही दर सेमिस्टरला. मी सगळं एका मापात आणलं. राहणं दोन्हीकडे गोरेट्टीआत्याच्या घरीच, म्हणून तो खर्च समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी खोडून टाकला. तीन वर्षं, सहा सेमिस्टर. सरकारी साडेअठ्ठ्याऐंशी लाख. टेकडीवरचं एकोणसत्तर लाख. माझा पगार महिना सहा लाख आहे, यावरून फरक केवढा ते कळेल.

"एकोणसत्तर!" देओमामा जागेवरून उठलेच. "अध्यक्ष, माझी सूचना आहे की आता जेवूया."

"आधी वाटणी," काका म्हणाले.

वाटणी म्हणजे सेमिस्टर वाटून घेणं. प्रत्येकाने एकेक उचलायचं, आणि ज्याच्या हातात ज्या महिन्यात पैसा येतो त्याने त्या महिन्यातलं. काकांची कॉफी ऑगस्टात पोत्यात असते, म्हणून पहिल्या वर्षाचं ऑगस्टचं त्यांनी घेतलं. देओमामा नोव्हेंबरात उंच दिवे आणि पत्रे लावून नाकतोडे पकडतात आणि खाण्यासाठी पोत्यांनी विकतात, त्यांनी जानेवारीचं घेतलं.

"आणि नाकतोडे आलेच नाहीत तर?" आत्याने विचारलं.

"तर तुझ्या दुकानासमोर दिवा लावेन. ते भडक कापड बघून सगळ्या देशातले येतील."

"येऊ देत. एकेकाला मीटरने मोजून विकेन."

आत्याने दुसऱ्या वर्षाचं ऑगस्टचं घेतलं, कारण तेव्हा लग्नाचा हंगाम असतो. त्यापुढचं जानेवारीचं मी. तिसऱ्या वर्षाचं ऑगस्टचं आईने, कोंबड्यांच्या भरवशावर. शेवटचं बाबांनी. ते सीमेपलीकडे, जुबाच्या रस्त्यावर ट्रक चालवतात. फोनवर "माझं नाव लिहा" एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. सगळ्यांनी सह्या केल्या. प्रॉसीने एकेकासमोर गुडघे टेकून आभार मानले. मातोके, म्हणजे उकडलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण तोवर थंड झालं होतं, पण कुणी तक्रार केली नाही.

आई येत्या शुक्रवारी बँकेत जाऊन टेकडीवरच्या विद्यापीठाचे दोन लाख अनामत भरणार, असं ठरलं. सरकारी जागेची मुदतही त्याच शुक्रवारी दुपारी तीनला संपत होती. तिचा आता काही संबंध उरला नव्हता.

गुरुवारी सकाळचं दूध तपासून झाल्यावर माझ्याबरोबर काम करणारी हाजरा म्हणाली, "पुढच्या आठवड्यात दोन दिवस माझी पाळी घेशील का? परीक्षा आहे."

हाजरा शनिवार-रविवार टेकडीवरच्या विद्यापीठात शिकायला जाते हे मला माहीत होतं. मी नळीवर नंबर लिहीत होते. "जुलैत कसली परीक्षा?"

"सेमिस्टरची. मे ते ऑगस्टचं."

"म्हणजे जादा वर्ग?"

"जादा कुठले ग? आमच्याकडे वर्षाला तीन असतात. ऑगस्ट, जानेवारी, मे. तुमच्यासारख्या लांबलचक सुट्ट्या आम्हाला कुठे?"

"एकूण किती होतात?"

"नऊ. का ग? हातातली नळी बघ, सांडतंय."

दूध टेबलावरून माझ्या चपलेवर येत होतं.

दुपारी घरी येऊन पत्रक काढलं. मागच्या पानावर वेळापत्रक छापलेलं होतं, स्वच्छ, चौकटीत: ऑगस्ट, जानेवारी, मे. लपवलेलं काही नव्हतं. ते पान मी आठवड्यापूर्वी उघडलंही होतं. त्यात रक्कम नव्हती म्हणून पुढे गेले होते. माझ्या विद्यापीठात वर्षाला दोन सेमिस्टर होती, तेव्हा जगात सगळीकडे दोनच असणार. प्रत्येक आकडा मी दोनदा तपासला होता, फक्त त्यांना कितीने गुणायचं ते तपासलं नव्हतं.

नऊ गुणिले साडेअकरा लाख. एक कोटी साडेतीन लाख. म्हणजे सरकारीपेक्षा पंधरा लाखांनी जास्त.

मी ते चार वेळा केलं. चौथ्यांदा उत्तर बदलेल असं मला खरोखर वाटत होतं.

मग दुसरं गणित सुरू झालं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मे महिन्यापर्यंत जवळजवळ दहा पगार होते. दर पगारातून सव्वा लाख बाजूला टाकले तर मेची फी मी एकटी भरू शकले असते. दरवर्षी. तीन वर्षं. कुणाला कळायची गरज नव्हती. माझं जानेवारीचं सेमिस्टर त्याच्याच मधे येत होतं. तिथे उत्तर वजा येऊ लागलं, म्हणून मी वहीत तेवढी ओळ रिकामी सोडली आणि बाकीची भरत राहिले.

प्रॉसी मागच्या अंगणात शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"ताई, चेहरा असा का? दुधात कुणी पाणी घातलं?"

"टेकडीवर वर्षाला तीन सेमिस्टर आहेत."

तिचे हात थांबले नाहीत. दोन शेंगा सोलून झाल्या. मग ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"पत्र आलं तेव्हापासून. मागच्या पानावर आहे."

"अग मग रविवारी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"आधी वाटलं, तू धरलंच असशील. तुझं कोष्टक ना ते. मग तू 'सहा सेमिस्टर' म्हणालीस तेव्हा कळलं." तिने सोललेले दाणे टोपलीत टाकले. "पण तोवर एकोणसत्तर झाले होते. मामा उठून उभे राहिले, काका हसले. काका बैठकीत कधी हसलेत, सांग. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, दोन्ही महाग, शिवणकामाचा सहा महिन्यांचा कोर्स कर. आपल्या चुलतबहिणीचं, रोझलिनचं, तसंच झालं. मला वाटलं, मे यायला वेळ आहे. तोवर काहीतरी होईल."

"काय होईल?"

"मला काय माहीत! तू मोजतेस ना सगळं, तूच सांग."

आमची मोठमोठ्याने जुंपली. कोंबड्या कुंपणाकडे पळाल्या. आई दाराशी येऊन उभी होती, किती वेळ ते कळलं नाही. आता ती मला काय म्हणेल याची मी वाट पाहत राहिले.

"सही काकांच्या वहीत आहे," ती म्हणाली. "तेव्हा आधी काकांना सांगायचं. उद्या दूध झालं की जा. मी दोन्ही विद्यापीठांच्या अनामतीच्या पावत्या भरून घेते आणि बँकेत जाऊन थांबते. कुठली द्यायची ते फोनवर सांग. काका नाही म्हणाले तर कुठलीच देत नाही, परत येते."

"कुठलीच नाही?" प्रॉसीने विचारलं. आई आत निघून गेली होती.

रात्री आईने काकांना फोन लावून बघितला. काकांनी एकच वाक्य सांगितलं म्हणे: वहीतला ठराव फोनवर बदलत नाहीत.

शुक्रवारी दूध उशिरा आलं. मी बारा वाजता बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, बसले आणि पाऊण वाजता काकांच्या अंगणात पोचले. माझी हिशेबाची वही पिशवीत होती. अंगणभर ताडपत्र्या आणि त्यांवर कॉफी पसरलेली. काकी म्हणाल्या, "ते दफनाला गेलेत, पलीकडच्या गावात. दोनपर्यंत काही येत नाहीत. फोन बंद ठेवतात ते तिथे."

"कुठल्या वाटेने येतील?"

"येतील त्या वाटेने येतील. बस. नाहीतर असं कर, ते फावडं घे."

मी कॉफी खालीवर करत राहिले. सव्वा वाजता आईचा फोन. "रांगेत आहे. पुढे अकरा जण."

पावणेदोनला: "पुढे चार."

"काका आले नाहीत अजून."

"मग मी मागच्या बाईला पुढे जाऊ देते. घाई करू नकोस," असं म्हणताना ती स्वतः घाईत होती.

काका दोन वाजून दहा मिनिटांनी आले, पांढरा पायघोळ कांझू, त्यावर काळा कोट, बुटांवर लाल माती. मी ताडपत्रीच्या कडेला गुडघे टेकून नमस्कार केला आणि तशीच राहून सगळं सांगितलं. सहा नाही, नऊ. एकोणसत्तर नाही, एक कोटी साडेतीन लाख. मागचं पान. मी पाहिलं नाही. 'ऊठ' असं ते म्हणाले नाहीत. आकडे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, समजलं नसावं, म्हणून पुन्हा सांगायला लागले.

"थांब," ते म्हणाले. "तिसरं कधी भरायचं?"

"मेमध्ये."

"मे महिना कुणाचा?"

कुणाचाच नव्हता. मेमध्ये कॉफी झाडावर असते. देओमामांचे मेमधले नाकतोडे पोतंभरसुद्धा होत नाहीत. लग्नं नसतात. शाळांचं दुसरं सत्र सुरू होतं आणि प्रत्येक घर आपापल्या पोरांच्या फीखाली असतं. माझ्या कोष्टकात सात रकाने होते. महिन्याचा रकाना नव्हता.

"मे मी भरते," मी म्हणाले. "तिन्ही वर्षं. मी हिशेब केलाय."

"आणि तुला एकदा ताप आला म्हणजे? त्या वर्षी प्रॉसी परीक्षेच्या दाराबाहेर उभी. तुझा हिशेब आपण एकदा ऐकलाय, इमा."

फोन वाजला. आई. "अडीच वाजतायत. माझ्या मागे आता एकच माणूस उरलाय, त्यालाही पुढे सोडला तर शिपाई विचारेल बाई कशाला आलीस."

"सरकारीचं सांग," काका मला म्हणाले. "किती म्हणालीस? आणि कुणाला किती? पटकन."

मी सांगितलं. जानेवारीवाल्यांना साडेबारा लाख, म्हणजे ठरल्यापेक्षा एक लाख जास्त. ऑगस्टवाल्यांना सतरा, म्हणजे साडेपाच लाख जास्त, कारण वर्षाची बाकीची फी ऑगस्टातच घेतात. आणि पहिल्या वर्षाचा ऑगस्टचा भरणा तीन आठवड्यांवर होता. तो काकांचा होता.

काका कॉफीकडे बघत राहिले. अर्धी कॉफी ते सप्टेंबरपर्यंत ठेवणार होते, भाव चढेपर्यंत; हे ते दरवर्षी करतात आणि त्याचा त्यांना फार अभिमान आहे. काकी ओसरीवरून म्हणाल्या, "सप्टेंबर काय, दरवर्षी येतो."

"देओला लाव," काका म्हणाले. "मोठ्याने ऐकू येईल असं कर. बैठक आहे म्हणून सांग."

देओमामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझं एकच लाख वाढलं, आणि अध्यक्षांचं साडेपाच? मग मी सगळ्यात हुशार निघालो की."

"तू हुशार नाहीस, जानेवारी स्वस्त आहे. मंजूर की नामंजूर?"

"मंजूर. माझी सही इमा करेल, पण माझ्यासारखी वाकडी कर ग."

आत्या दुकानात होती, गिऱ्हाईक समोर. "साडेपाच लाख? इमा, लहानपणी तुला कडेवर घ्यायचे ना मी, तेव्हाच खाली टाकायला हवं होतं." मग कुणाला तरी कापड मोजून दिल्याचा आवाज आला. "लिही. लिही, पण पुन्हा कोष्टक केलंस तर आधी मला दाखव. मला मीटर कळतो." आईचं काय, हे काकांनी विचारलंच नाही, ती बँकेत उभी होती, एवढं त्यांना पुरलं. बाबांचा फोन लागला नाही. "त्याचं जानेवारीचं आहे," काका म्हणाले. "एका लाखासाठी तो सीमेवरून परत येणार नाही."

दोन वाजून बेचाळीस मिनिटं. मी आईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, मग पुन्हा. मग प्रॉसीला लावला, ती आईबरोबर गेली आहे असं धरून. हेही आपण पुन्हा न तपासताच धरतोय हे लावल्यावर लक्षात आलं. पण तिने उचलला.

"सरकारी," मी म्हणाले. "सरकारीची पावती द्या."

"काका हो म्हणाले?"

"हो म्हणाले. दे आधी!"

पलीकडे पावलं, आईचा आवाज, कुणीतरी तिला "न्याबो, बाई, पुढे या" म्हटलं. मग बराच वेळ नुसती खडखड. मी अजून गुडघ्यांवरच होते, आणि गुडघ्यांखाली कॉफीच्या बिया रुतल्या होत्या. शेवटी शिक्का मारल्याचा आवाज आला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"झालं," प्रॉसी म्हणाली. ती रडत होती की धावत होती ते मला ओळखता आलं नाही.

काकांनी आतून इतिवृत्ताची वही मागवली. मी जुना ठराव खोडायला गेले तर त्यांनी हात धरला. "खोडायचं नाही. खाली नवा लिहायचा."

"चूक कुणाची तेही लिहू?"

"चूक लिही. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, शाई कशाला घालवायची. आणि आता ऊठ. गुडघ्यांनी माझी कॉफी फोडशील."

नंतरच्या आठवड्यात व्यापारी आला. कॉफी अजून पुरती वाळली नव्हती, पण फीच्या तारखेला थांबायची सवय नसते. त्याने एक बी दाताखाली धरली आणि म्हणाला, वीस टक्के पाणी, वजनातून कापणार. काकांनी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि माझ्याकडे मूठभर बिया कागदात बांधून पाठवल्या. तो चोर आहे, हे तू मोजून दाखव, असा निरोप होता.

दुधातले घन पदार्थ काढायला आमच्याकडे भट्टी आहे. मी बिया वजन करून भट्टीत ठेवल्या, वजन घटायचं थांबेपर्यंत दर तासाला पुन्हा तोलल्या. हाजराची पाळी मीच करत होते, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. शेवटचे दोन आकडे सारखे आल्यावर मी तिसऱ्यांदा तोललं. मग काकांना फोन लावला.

"एकोणीस पूर्णांक चार," मी म्हणाले.

"म्हणजे चोर नाही तो."

"नाही."

"वाईट झालं," काका म्हणाले. "चोर असता तर भांडता आलं असतं." मागे काकी पोती झटकत होत्या, तो आवाज येत होता. "बरं. किती नुकसान होईल ते तू आत्ता डोक्यात करत असशील."

"झालंय करून."

"मला सांगू नकोस," ते म्हणाले, आणि पोती धरायला गेले.